गव्हल्यांचा मुहूर्त

नवरात्रात घट बसले की आमच्या वाईच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. माळ्यावरचा कामट्यांचा भारा खाली येतो आणि परसातल्या प्राजक्ताखाली जुनं धोतर अंथरलं जातं. भारा आकाशकंदिलासाठी, धोतर फुलांसाठी. धोतर अंथरायचं काम माझ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं. पहाटे उठून त्या फुलं वेचतात, देवापुरती बाजूला काढतात आणि उरलेल्या फुलांचे केशरी देठ नखानं खुडून सुपात पसरतात. मी या घरात १९८८ साली आले तेव्हापासून हे पाहते आहे. देठ वाळले की डब्यात जातात. त्या डब्याचं पुढं काय होतं, हे पहिली काही वर्षं मला ठाऊकही नव्हतं.

२०२४ च्या शरदात मात्र त्या डब्यावर सगळ्या घराचं लक्ष होतं. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि मुहूर्त मार्गशीर्षातला निघाला होता.

आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात, मग तुळशीचं लग्न लागतं आणि त्यानंतर माणसांची, हा क्रम आपल्याला पाठ आहे. मधल्या चार महिन्यांत लग्नं नसली तरी घरातल्या बायका मोकळ्या नसतात. भाद्रपद सरतासरता पाऊस मागे फिरतो, हवेतला दमटपणा कमी होतो, ऊन कडक असलं तरी जाळत नाही. वाळवायची, रंगवायची, शिवायची, चिकटवायची कामं करावीत ती याच दिवसांत. पावसाळ्यात केलेल्या गव्हल्यांना बुरशी येते आणि कंदिलाची खळ वाळता वाळत नाही. शिवाय पोरांना सहामाहीची आणि दिवाळीची सुट्टी, म्हणजे हाताखाली फुकटचे मजूर!

लेक पुण्यात नोकरी करते. लग्नाचं सगळं पाहणाऱ्या एका मंडळींकडून तिच्या मैत्रिणींनी माहितीपत्रक आणवलं होतं. त्यात सजावटीचे तीन नमुने होते आणि प्रत्येकापुढे एक आकडा. आकडा पाहून ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. रुखवतही तयार मिळत होतं. भाड्यानं आणायचं, मांडायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत! लेकीनं पत्रक मिटवलं आणि म्हणाली, "आत्यानं अख्ख्या वाईतल्या मुलींची रुखवतं केली. माझंच भाड्यानं आणायचं?"

तिथून आमच्या घरातला कारखाना सुरू झाला. लेकीनं एकच अट घातली. रुखवताच्या टेबलावर किंमत असलेली एकही वस्तू नको. तिचं खरंच होतं. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालचा, पण रुखवताच्या नावाखाली कपाटापासून फ्रिजपर्यंत काय काय मांडलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. हौसेच्या कलाकुसरीआडून देण्याघेण्याचं प्रदर्शन! लेक म्हणाली, "जे हातानं केलं तेवढंच मांडायचं."

वन्संबद्धल आधी सांगायला हवं. त्यांचा जन्म १९५५ चा. लग्न विसाव्या वर्षी आणि १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्या परत माहेरी आल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांनी शिवणाचं मशीन घेतलं, माडीवर क्लास सुरू केला आणि हळूहळू रुखवताच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. सुपाऱ्यांचे भटजी आणि विहिणी, खोबऱ्याच्या कोरलेल्या वाट्या, मण्यांची महिरप, लोकरीची तोरणं, भातुकलीएवढ्या चकल्या आणि करंज्या. एक काळ असा होता की लग्नसराईत आमच्या माडीवर पाय ठेवायला जागा नसे. सामान बांधून, टोपली भरून त्या माणसाबरोबर पाठवून देत. स्वतः कार्यालयात जात नसत. गेल्याच तर जेवणाच्या वेळी, मागच्या पंगतीला. त्याचं कारण कुणी कधी बोलून दाखवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तर त्या शरदात आम्ही काय काय केलं ते सांगते. आपल्यापैकी कुणाच्या घरी येत्या सराईत कार्य असेल तर उपयोगी पडेल.

दसऱ्याला दाराला झेंडूची आणि भाताच्या लोंब्यांची तोरणं लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कोमेजली की आपण उचलून टाकतो. वन्संनी ती टाकू दिली नाहीत. फुलं सावलीत खडखडीत वाळवली. वाळल्या फुलाचा देठाकडचा भाग उकलला की आत बारीक काळ्या काड्यांसारखं बी मिळतं. ते आम्ही कागदाच्या छोट्या पुड्यांत भरलं आणि लेकीच्या चुलतभावंडांनी पुड्यांवर आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "ज्येष्ठात पेरा, दसऱ्याला तोडा." पाहुण्यांना निरोप देताना नारळाबरोबर हीच भेट. खर्च म्हणाल तर कागदाचा.

मग दिवाळी. आमच्याकडे कंदील विकत आणायची रीत नाही. कामट्या तासायच्या, दोऱ्यानं चौकोन बांधायचे, सांगाडा उभा राहिला की पतंगाचा कागद खळीनं डकवायचा, करंज्या लावायच्या आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या. यंदा एकाऐवजी नऊ कंदील केले. एक दिवाळीत दाराशी लागला आणि आठ मांडवासाठी राहिले. रंग मात्र लेकीनं निवडून दिले. झेंडूचा केशरी, शेवंतीचा पिवळा, प्राजक्ताचा पांढरा आणि हळदीच्या पानाचा हिरवा. वाईच्या शिवारात त्या दिवसांत हळदीचं पीक कमरेएवढं उभं असतं. सजावटीचे रंग शोधायला दूर जावंच लागलं नाही, ऋतूनं आधीच निवडून ठेवले होते. फुलंही तीच घेतली. आपल्या भागात त्या दिवसांत जे मुबलक फुलतं ते स्वस्त मिळतं, ताजं मिळतं आणि संध्याकाळपर्यंत टिकतं.

कपड्यांचंही तसंच. वैशाखातल्या लग्नात पैठणी नेसून होमासमोर बसलेल्या नवरीची काय अवस्था होते ते मी स्वतः भोगलं आहे. मार्गशीर्षातल्या सकाळी मात्र रेशीम अंगावर सुखावतं. लेकीनं माझीच पैठणी नेसायची ठरवली. काठ शाबूत होते, घडीवर मात्र रेशीम विरलं होतं. साडी दर काही महिन्यांनी घडी बदलून ठेवायची असते, हे मला सासूबाईंनी शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा विसरले होते. वन्संनी तेवढ्या भागाला आतून मलमलीचं अस्तर लावून टाके असे घातले की निऱ्यांत काही दिसेना. करवल्यांसाठी खणाची परकर-पोलकी शिवली आणि उरलेल्या खणाच्या तुकड्यांतून अक्षतांच्या थैल्या. अक्षता प्रत्येक थैलीत चिमूटभरच घातल्या. तांदळाचा सडा पायदळी जायला नको, हे आमचं सगळ्यांचं एकमत.

आणि तो डबा. लेकीला अंतरपाट प्राजक्तात रंगवलेला हवा होता. वन्संनी दोन वर्षांचे वाळले देठ मोठ्या पातेल्यात उकळत घातले. पाणी आधी पिवळं, मग गडद केशरी झालं. गाळून त्यात धुतलेलं पांढरं सुती कापड बुडवलं आणि मधूनमधून काठीनं हलवत ठेवलं. सावलीत वाळल्यावर असा रंग आला की त्याला नाव देता येईना. पहाटेच्या उजेडासारखा म्हणाले तर तुम्ही हसाल. हा रंग पक्का नसतो. उन्हात आणि धुण्यात उतरतो. मी तसं म्हणाले तर वन्सं म्हणाल्या, "अंतरपाट असतो तरी किती वेळ? मंगलाष्टकं संपली की खालीच उतरायचा." त्यावर त्यांनी साखळी टाक्यात स्वस्तिक भरलं आणि चारी कडांना प्राजक्ताची बारीक फुलं.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते गव्हल्यांपाशी.

नव्या वाचकांसाठी सांगते, गव्हले म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी हातानं वळलेली शेवयांची बहीण. बारीक रवा दुधात घट्ट भिजवायचा, तासभर झाकून ठेवायचा, तुपाचा हात लावून कुटून मऊ करायचा. मग चिमटीएवढा गोळा घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दोऱ्यासारखी वळी काढायची आणि टोकाला दाणा तोडत जायचा. याच्याच बहिणी मालत्या, नखुले, बोटवे. सगळ्यांना मिळून वळवट म्हणायचं. वाळवून ठेवले की महिनोन् महिने टिकतात. तुपावर परतून, शिजवून, दूध-साखर घातली की गव्हल्यांची खीर. पूर्वी घरात कार्य निघालं की आधी मुहूर्त करायचा. पाच सुवासिनींनी हळकुंड फोडायचं, जात्याला-मुसळाला आंब्याची पानं बांधायची आणि गव्हले वळायला बसायचं. त्यानंतर बाकीची तयारी.

पाच सुवासिनी. माझ्या वहीत मी पाच नावं लिहिली होती. माझी जाऊ, दोन मावससासवा, शेजारच्या काकू आणि मी. लेकीनं वही पाहिली आणि विचारलं, "आत्याचं नाव कुठंय?"

मी म्हणाले, "अगं, मुहूर्ताला... त्या नंतर बसतीलच की. सगळे गव्हले त्याच तर वळणार आहेत."

ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. आणि मला २००० सालची, माझ्या मुलाच्या मुंजीची सकाळ आठवली.

त्या सकाळीही पाच जणी बसल्या होत्या. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आमच्या पाच जणींपैकी एकीलाही गव्हले नीट वळता येत नव्हते. कुणाचे अळ्यांसारखे होत होते, कुणाचे तुटत होते. आम्ही हसत होतो. वन्सं दारातूनच सांगत होत्या, "अंगठा असा नाही, जरा तिरपा धर." पाच दाणे कसेबसे वळून आम्ही उठलो, कुंकू लावून घेतलं, आणि मग तेच पीठ आत त्यांच्याकडे गेलं. दुपारपर्यंत त्यांनी सूपभर गव्हले वळून ठेवले. हळदीकुंकवाची कोयरी माझ्याच हातात होती. त्यांच्याजवळ आले तेव्हा मी ती पदराखाली घेतली, त्यांना दिसून वाईट वाटू नये म्हणून. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली होती. त्यांनी ते पाहिलं होतं. त्या वळून पाण्याचा हंडा विसळायला लागल्या.

मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. सासूबाई त्या वेळी माडीवर होत्या. मी बी. ए. झालेली, प्राज्ञपाठशाळेच्या आणि विश्वकोशाच्या गावात राहणारी, कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं हे शाळेत धड्यासारखं पाठ केलेली. तरी हात आपोआप पदराखाली गेला. रूढी म्हणजे पोथीतला राक्षस असता तर सोपं होतं. ती आपल्या हाताच्या सवयीत बसलेली असते.

त्या रात्री मी वहीतून माझं नाव खोडलं आणि तिथे वन्संचं लिहिलं. सकाळी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. त्या मशीनवर थैल्या शिवत होत्या. मशीन न थांबवता म्हणाल्या, "नको. पोरीचं नवं आयुष्य आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर सगळे माझं नाव घेतील. आणि कुणी नाही घेतलं तर मी घेईन."

यावर मी काय बोलणार? पंचेचाळीस वर्षं आपण एखाद्याला दारात उभं करायचं आणि मग एका सकाळी आत ये म्हणायचं. त्यानं लगेच यावं, ही अपेक्षासुद्धा आपलीच सोय.

लेकीनं दुसरी वाट काढली. आमच्या गुरुजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "गव्हले हा काही विधी नाही, घरची रीत आहे. घरानं ठरवायची." मग ती आत्याजवळ बसली आणि तिला हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायचं आवाहन केलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलं हो त्यांनी. गावच्या गाव एकदम बसलं ना! एकटीनं बसायचं म्हणजे अवघड."

हे वाक्य पलंगावर पडलेल्या सासूबाईंनी ऐकलं. त्या तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या. २०११ मध्ये मामंजी गेल्यापासून त्याही कुठल्या मुहूर्ताला बसल्या नव्हत्या. एके काळी हे सगळे नियम कडकपणे पाळणाऱ्या त्याच. त्या उठून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मग दोघी बसू. मला पाट चालत नाही, खुर्ची दे." थोड्या वेळानं, कुणाकडेही न पाहता, "तिला मीच उठवलं होतं पहिल्यांदा. तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात. आई होते मी तिची."

माडीवरचं मशीन थांबलं. बराच वेळ सुरू झालं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर चार दिवसांनी मुहूर्त केला. उसाचा मांडव अजून तुळशीवर तसाच होता. आम्ही पाच नव्हतो, सात जणी होतो, म्हणून मीही बसले. वन्संनी धुवट पांढऱ्यावर निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं. कुंकू लावलं नाही. लेकीनं कोयरी पुढे केली तेव्हा हळदीचं बोट तेवढं कपाळाला टेकवलं आणि म्हणाल्या, "हे पुरे." तिनं आग्रह केला नाही. किती पुरे हे त्यांनीच ठरवायचं होतं. एका मावससासूबाई मात्र हळकुंड फोडायच्या आधी "पाय भरून आलाय" म्हणून उठल्या आणि घरी गेल्या. लग्नालाही त्या जेवणापुरत्याच आल्या. मी त्यांना दोष देत नाही, पण थांबाही म्हणाले नाही.

पहिला गव्हला वन्संनी वळला. बोटं आता थोडी थरथरतात, तरी दाणा असा पडला की गव्हाच्या ढिगात टाकला असता तर सापडला नसता. दुसरा सासूबाईंनी. तो गव्हल्यापेक्षा नखुल्यासारखा झाला. लेकीचा तर पोह्यासारखा. वन्सं तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "असा नाही, जरा तिरपा." तेच वाक्य, या वेळी पाटावर बसून.

लग्न छान झालं. रुखवताच्या टेबलावर सुपाऱ्यांचे भटजी होते, वळवटाच्या पाच परड्या होत्या, कंदिलाची एक भातुकली होती आणि किल्ला करण्यात पटाईत असलेल्या आमच्या पुतण्यानं मातीचा केलेला, अळीव पेरून हिरवा झालेला अजिंक्यतारा होता. मांडवात आठ कंदील डोलत होते. अंतरपाट खाली उतरला तेव्हा वन्सं पहिल्या रांगेत होत्या, आपल्या टाक्यांकडे पाहत. जेवणात गव्हल्यांची खीर होती. विहीणबाईंनी विचारलं, "कुठून आणले हो इतके सुबक?" त्यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वन्संच म्हणाल्या, "मी वळलेत. शिकायचे असतील तर या वाईला, पण पाऊस संपल्यावर."

यंदाही घट बसले तेव्हा प्राजक्ताखाली धोतर अंथरलं होतं. अंतरपाटाचा रंग वर्षभरात बराच उतरला आहे. लेक दिवाळीला आली की पुन्हा रंगवायचं म्हणते, आता तो तिच्या घरात खिडकीचा पडदा झाला आहे. त्यासाठी देठ गोळा होताहेत. मीही आता पहाटे उठून वेचायला जाते. फुलं खुडताना नखं केशरी होतात, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

आपल्या घरी यंदा कार्य असेल तर कंदील जरूर करा, झेंडूचं बी जपून ठेवा, पैठणीची घडी बदला. आणि मुहूर्ताची यादी लिहून झाली की वही मिटण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहा. तिथे कुणी उभं आहे का?